टायरच्या दुकानापुढचं अंगण

लॉस एंजेलिसमध्ये ला ब्रेआ ॲव्हेन्यू आणि आठव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर फायरस्टोन कंपनीचं १९३७ सालचं टायरचं दुकान उभं आहे. वास्तुकार आर. ई. वॉर्ड, शैली स्ट्रीमलाइन मॉडर्न. म्हणजे गोलाई दिलेले कोपरे, आडव्या रेषा आणि चौकाच्या दिशेने पुढे आलेली कॅनोपी, म्हणजे खांबांवरचं छत. २०१२ मध्ये शहराने या इमारतीला ऐतिहासिक-सांस्कृतिक वास्तूचा दर्जा दिला. टायर बदलण्याचं काम तिथे आता होत नाही, पुढे तिथे ब्रूअरी आली. तरी कॅनोपी जागेवर आहे, गाड्या आत घेण्याचे खण, म्हणजे बे, जागेवर आहेत, आणि चौकातून बघणाऱ्याला इथे गाडी कुठून शिरत असेल आणि कुठून निघत असेल हे अजून कळतं.

सगळीकडे असं झालेलं नाही. अमेरिकेत जुनी टायर-दुकानं आणि सर्व्हिस स्टेशनं वाचवायची असतात तेव्हा बहुतेक वेळा पाटी वाचते, पुढची भिंत वाचते, एखादा रंगीत पट्टा वाचतो. दुकानापुढची मोकळी सिमेंटची जागा झाडं लावून किंवा नवं बांधकाम करून बुजवली जाते, बेची दारं विटांनी किंवा काचेने कायमची बंद होतात. माझं म्हणणं असं की, या वास्तुप्रकारात सगळ्यात मोलाची गोष्ट हे अंगणच आहे. कॅनोपी, अंगण आणि बे यांचं नातं तुटलं की मागे राहते ती जुन्या चेहऱ्याची कुठलीही एक इमारत. जतनाचे कायदे, कर-सवलती आणि कुठल्या जागेवर काय चालावं हे ठरवणारे शहरांचे झोनिंगचे नियम मात्र नेमकं हेच नातं मोजायला विसरतात.

हा प्रकार जन्माला कसा आला ते आधी पाहू, कारण आकाराचं कारण धंद्यात आहे. सुरुवातीला टायर सायकलच्या किंवा लोखंडी सामानाच्या दुकानात मिळे आणि बदलण्याचं काम रस्त्याच्या कडेला चाले. १९२६ मध्ये टपालाने माल विकणाऱ्या सीअर्स कंपनीने ऑलस्टेट नावाने टायर विकायला सुरुवात केली आणि ते टायर गुडइयर बनवून देऊ लागली. कॅटलॉगमधून स्वस्तात टायर मिळू लागल्यावर टायर-उद्योगाचं गाव असलेल्या ॲक्रन, ओहायोच्या बाकी कंपन्यांना विक्रेत्यांच्या भरवशावर राहणं परवडेना. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून फायरस्टोनने स्वतःची ‘वन-स्टॉप’ दुकानं उघडली. टायर, बॅटरी, ब्रेक, ग्रीसिंग, पेट्रोल, सगळं एका प्लॉटवर. गिऱ्हाइकाने एका कामासाठी गाडी आत घातली की उरलेली कामंही तिथेच करून घ्यावीत, हा त्यामागचा हिशेब. इमारतीचा आराखडा या हिशेबातून निघाला.

त्यासाठी कोपऱ्याचा प्लॉट लागे, कारण दोन्ही रस्त्यांवरून आत येता आलं पाहिजे. इमारत पदपथाला चिकटवायची नाही, मागे सरकवून इंग्रजी एल अक्षरासारखी बसवायची. एलच्या कोनात विक्रीचं काचेचं दालन, दोन्ही हातांना बे, आणि पुढे उरलेल्या चौकोनावर कॅनोपी. गाडी एका रस्त्याने कॅनोपीखाली येई. माणूस तिथेच विचारपूस करी, काम ठरे, मग गाडी वळवून नेमक्या बेमध्ये घातली जाई आणि काम झालं की दुसऱ्या रस्त्याने बाहेर पडे. एक बे साधारण १२ फूट रुंद आणि २४ फुटांच्या आसपास खोल, दार ९ किंवा १० फूट. वर सरकत जाणारं दार सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये आणलं. त्याआधीची दारं कवाडांसारखी बाहेर उघडत आणि पुढची बरीच जागा खात. १९२५ मध्ये मेम्फिसच्या पीटर लुनाटी यांनी मोटारीसाठी हायड्रॉलिक लिफ्ट तयार केली. गाडी माणसाच्या डोक्याएवढी उचलायची तर आतून ११-१२ फूट उंची हवी, म्हणून पुष्कळ ठिकाणी बेचं छप्पर विक्रीच्या दालनापेक्षा वर गेलेलं दिसतं. बाहेरून शैलीचा भाग वाटणारी ती पायरी खरं तर लिफ्टने घडवलेली असते.

या अंगणाला अमेरिकेत ॲप्रन म्हणतात. त्याचा उतार, गाडी आत यायला पदपथाच्या कडेला दिलेली कापं, कॅनोपीच्या खांबांची जागा, सगळं त्या काळातल्या मोटारीच्या वळणाच्या हिशेबाने ठरलेलं असे. खांब दोन फूट इकडेतिकडे झाला तर गाडी एका दमात बेमध्ये जाणार नाही. हे कागदावर पटकन दिसत नाही. जागेवर उभं राहून दारापासून खांबापर्यंत आणि खांबापासून रस्त्यापर्यंत टेप लावला की दिसतं.

कंपन्यांच्या इमारतींचे साचे ठरलेले असत, आणि ते साचे हाच जाहिरातीचा भाग होता. मिलवॉकीत वॉडॅम्स कंपनीने अलेक्झांडर एश्वायलर यांच्याकडून पॅगोडाच्या छपराचे पेट्रोलपंप बांधून घेतले. प्युअर ऑइलने १९२७ पासून इंग्लिश कॉटेजसारखे पंप उभारले, म्हणजे निवासी वस्तीत शेजाऱ्यांची हरकत कमी येईल. १९३७ मध्ये वॉल्टर डॉर्विन टीग यांनी टेक्साकोसाठी पांढऱ्या एनॅमलचा, हिरव्या तीन पट्ट्यांचा साचा दिला. ही पेट्रोलपंपांची उदाहरणं झाली, पण टायर-दुकानं त्याच शाळेतली. पांढरं एनॅमल निवडण्याला नुसतं सौंदर्य हे कारण नव्हतं. टायरचा कार्बन ब्लॅक (काजळी), ग्रीस आणि ब्रेकची धूळ सगळीकडे बसे, आणि असा पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने धुतला की स्वच्छ होई. गॅरेज म्हणजे घाण, ही गिऱ्हाइकाच्या मनातली अढी काढायला कंपन्यांनी भिंतच धुण्याजोगी केली.

धंदा आटला त्याची कारणंही सरळ आहेत. जुन्या बायस-प्लाय, म्हणजे तिरक्या धाग्यांच्या, टायरच्या तुलनेत रेडियल टायर दुप्पट किंवा त्याहून जास्त चालतो, आणि १९७० च्या दशकात अमेरिकेत रेडियल सरसकट झाले. गिऱ्हाइकाची फेरी निम्म्यावर आली. १९५६ च्या कायद्याने इंटरस्टेट महामार्ग आले आणि जुन्या हमरस्त्यांवरची वाहतूक बाहेरून वळली. शिवाय गाड्या वाढल्या. आजचा पूर्ण आकाराचा पिकअप ट्रक आरशांसकट सुमारे आठ फूट रुंद असतो. ९ फुटांच्या दारातून तो न्यायचा तर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच उरतात, आणि मेकॅनिकला दर वेळी आरसे मिटवावे लागतात. जुनी दुकानं नव्या मालकाला नकोशी होतात ती बहुधा या सहा इंचांपायी.

आता कायद्याकडे. अमेरिकेच्या १९६६ च्या राष्ट्रीय वारसा-जतन कायद्यातून जी राष्ट्रीय नोंदवही तयार झाली तिच्यात नाव लागलं म्हणजे इमारत वाचली, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. खासगी मालक स्वतःच्या पैशाने नोंद झालेली इमारत पाडू शकतो, नोंद त्याला अडवत नाही. अडवण्याची ताकद असते ती शहराच्या स्थानिक कायद्यात, आणि तीही बऱ्याचदा वेळकाढूपणापुरती. लॉस एंजेलिसमध्ये दर्जा मिळालेल्या वास्तूच्या पाडकामाला शहराचा वारसा-आयोग १८० दिवस हरकत घेऊ शकतो, नगर परिषद आणखी १८० दिवस वाढवू शकते. तेवढ्या वेळात खरेदीदार किंवा वेगळी योजना मिळाली तर ठीक.

पैशाच्या बाजूला फेडरल सरकारची २० टक्के कर-सवलत आहे. उत्पन्न देणारी नोंदणीकृत इमारत प्रमाणित पद्धतीने दुरुस्त केली तर पात्र खर्चाच्या २० टक्के रक्कम पाच वर्षांत करातून वजा होते. अट अशी की साधारण २४ महिन्यांत दुरुस्तीवर केलेला खर्च इमारतीच्या समायोजित किमतीपेक्षा जास्त हवा, आणि किमान ५,००० डॉलर तरी हवा. त्या किमतीत जमीन धरत नाहीत. टायर-दुकानांना हे फार सोयीचं आहे, कारण कोपऱ्याच्या प्लॉटची जवळजवळ सगळी किंमत जमिनीचीच असते आणि छोट्या जुन्या इमारतीचा आकडा सहज ओलांडता येतो. पण पुढची ओळ वाचली की अडचण दिसते. फरसबंदी, पार्किंग, बागकाम, इमारतीबाहेरची जागा यांचा खर्च पात्र धरला जात नाही. म्हणजे भिंतीवरच्या एनॅमलला सवलत, आणि ज्या अंगणामुळे ती भिंत तिथे मागे सरकून उभी आहे त्या अंगणाला नाही. तडकलेलं सिमेंट जुन्या उताराने पुन्हा ओतायला मालकाला छदामही मिळत नाही, मग तो डांबर टाकून मोकळा होतो. राष्ट्रीय उद्यान सेवेने २००८ मध्ये जुन्या पेट्रोलपंपांच्या जतनावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, तिच्यात कॅनोपी आणि पंपाचे चौथरे सांभाळायला सांगितलं आहे. सल्ला योग्यच आहे, पण सवलतीच्या नियमाने त्याला पाठबळ दिलेलं नाही. हा नियम बदलला पाहिजे. मोटारीसाठी बांधलेल्या नोंदणीकृत वास्तूंपुरता तरी अंगणाचा खर्च पात्र धरावा. अशा इमारती थोड्या आहेत, त्यामुळे तिजोरीवर भारही थोडाच पडेल.

नुसती भिंत राखल्याने काय होतं ते बघायचं तर लॉस एंजेलिसजवळच सिटी ऑफ कॉमर्समध्ये सॅमसन टायर कारखाना आहे. हा कारखाना, दुकान नव्हे. १९२९-३० मध्ये मॉर्गन, वॉल्स अँड क्लेमेंट्स यांनी तो ॲसिरियन राजवाड्याच्या थाटात बांधला. पुढे युनिरॉयलकडे गेला, बंद पडला, आणि १९९० मध्ये त्या तटबंदीमागे सिटाडेल हे आउटलेट मॉल उघडलं. भिंत देखणी आहे. पण टायर कसे बनत, माल कुठून येई, कामगार कुठून शिरत, यातलं काही ती सांगू शकत नाही.

ब्रिटनमध्ये १९८० च्या ऑगस्टमध्ये याहून वाईट घडलं. लंडनच्या ग्रेट वेस्ट रोडवर ब्रेंटफर्ड इथे वॉलिस, गिल्बर्ट अँड पार्टनर्स यांनी १९२८ मध्ये बांधलेला फायरस्टोनचा कारखाना संरक्षित इमारतींच्या सरकारी यादीत घ्यायचं चाललं होतं. मध्ये बँक हॉलिडेची सुट्टी आली. सुट्टीत कार्यालयं बंद असतानाच मालक कंपनीने इमारतीचा दर्शनी भाग पाडला. फाटक, खांब आणि लोखंडी कठडे तेवढे उरले. लोकांचा संताप इतका होता की दोन महायुद्धांमधल्या काळातल्या इमारती यादीत घ्यायच्या कामाला वेग आला. त्याच वास्तुकारांची हूवर कंपनीची इमारत त्याच वर्षी संरक्षित झाली.

या सगळ्यांत सरस उदाहरण मात्र ब्रिटनमधलंच आणि बरंच जुनं आहे. लंडनच्या फुलहॅम रोडवरचं मिशलिन हाउस जानेवारी १९११ मध्ये सुरू झालं. आराखडा कंपनीचेच अभियंता फ्रांस्वा एस्पिनास यांचा, बांधकाम एनबिक पद्धतीच्या सळईच्या काँक्रीटचं, भिंतींवर शर्यतींच्या गाड्यांची चित्रं असलेल्या टाइल्स, खिडक्यांत रंगीत काचेचा बिबेंडम, म्हणजे मिशलिनचा टायरचा बनलेला माणूस. पण या नटण्यासजण्यामागे आराखडा रोखठोक आहे. पुढच्या बाजूला टायर बसवण्याचे बे, तळघरात टायरचा साठा, तिथून लिफ्टने टायर वर. गाडी रस्त्यावरून आत येते, टायर खालून येतो, दोघांची गाठ बेमध्ये पडते. दुसऱ्या महायुद्धात रंगीत काचा काढून ठेवल्या त्या पुढे हरवल्या. आज दिसतात त्या नव्याने घडवलेल्या प्रतिकृती. १९८५ मध्ये टेरेन्स कॉनरन आणि पॉल हॅमलिन यांनी इमारत घेतली आणि १९८७ मध्ये दुकान, कचेऱ्या व रेस्टॉरंट म्हणून ती उघडली. बेचं तोंड रस्त्याकडे उघडंच ठेवलं म्हणून आजही चालत जाणाऱ्याला कळतं की इथे गाडी आत येत असे. काचा नव्या असूनही इमारत खरी वाटते ती त्यामुळे.

दुरुस्तीच्या तपशिलात थोडं खोल जायला हवं, कारण चांगल्या हेतूने केलेल्या चुकाच इथे जास्त नुकसान करतात.

एनॅमलचा पत्रा म्हणजे लोखंडी पत्र्यावर काचेचा थर, सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजलेला. तो स्वतः गंजत नाही, ऊन-पावसाने रंग सोडत नाही. एनॅमलच्या मगाचा टवका उडाला की काळा डाग पडून तिथून गंज पसरतो, तेच इथे होतं. टवके उडतात ते स्क्रूच्या भोकांशी, कडांना, आणि जमिनीलगतच्या पहिल्या फूट-दोन फुटांत, जिथे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ उडतं. नवी पाटी लावताना हॅमर ड्रिल चालवला तर भोकाभोवती चांदणीसारखे तडे जातात. चिकटपट्टी लावून, डायमंड बिटने, हळू गतीत आणि पाणी सोडत भोक पाडायचं. टवक्यातला गंज हाताने साफ करून, प्रायमर देऊन, इपॉक्सीने भरून वर रंग जुळवायचा. वाळूचा मारा केला की चकाकी कायमची जाते, मग धूळ बसते ती निघत नाही. आम्लाचे क्लीनरही काच खातात. एक दिलासा असा की पुष्कळ दुकानांवर नंतरच्या मालकांनी सरळ ऑइलपेंट फासलेला असतो, आणि एनॅमलवर रंग नीट धरत नाही. योग्य स्ट्रिपरने तो उतरवला की खाली मूळ पत्रा बरेचदा ठणठणीत निघतो. म्हणून ‘पत्रे खराब आहेत, बदलावे लागतील’ असा अहवाल आला तर आधी एक पत्रा धुऊन दाखवा म्हणावं.

व्हिट्रोलाइट किंवा कॅरारा काच हे जास्त नाजूक प्रकरण आहे. ही रंगीत, अपारदर्शक जाड काच डांबरी मॅस्टिकच्या, म्हणजे चिकट लेपाच्या, गोळ्यांनी भिंतीला चिकटवलेली असते, वजन पेलायला काही ओळींनंतर लोखंडी कोन असतात. मॅस्टिक तीस-चाळीस वर्षांत कडक होतं, सांध्यातून पाणी शिरतं, कोन गंजतात आणि तुकडा सुटतो. काढताना पहारीने उपटला की फुटलाच. दमाने काम करणारे कारागीर मागून पियानोची तार आरीसारखी ओढत मॅस्टिक कापतात, गरज पडल्यास वाफेने किंवा विरघळवणाऱ्या द्रावणाने ते आधी मऊ करतात. अमेरिकेत ही काच आता बनत नाही. म्हणून पडलेल्या इमारतींतून काढलेला साठा हाच एक खरा मार्ग, आणि तो नसेल तर मागून रंगवलेली काच. पुढच्या दर्शनी भागात एक तुकडा कमी असेल तर आतल्या किंवा बाजूच्या भिंतीवरचा तुकडा पुढे आणून नवा तुकडा मागे लावावा.

कॅनोपी बहुधा पाण्यामुळे मरते. सपाट छप्पर, निचऱ्याचा पाइप खांबाच्या पोटातून खाली नेलेला. पाइप पानांनी तुंबतो, पाणी साचतं, थंडीत गोठून पाइप फाटतो आणि खांब आतून, बुंध्याशी गंजू लागतो. बाहेरचा रंग शाबूत असतो. म्हणून खांबाच्या तळाशी हातोडीने ठोकून आवाज ऐकणं ही पहिली तपासणी. दुसरं संकट ट्रकचं. कॅनोपीखाली बहुधा ११-१२ फुटांचीच मोकळीक असते आणि मालाचे ट्रक साडेतेरा फुटांपर्यंत उंच असतात. धडक बसून वाकलेली कड बघून ‘संरचना धोकादायक’ असा शेरा पडतो आणि कॅनोपी उतरवली जाते. एकदा उतरवलेली कॅनोपी परत आलेली क्वचितच दिसते. खांब बदलता येतो, कड सरळ करता येते. वाहतुकीचा मार्ग आखून उंचीचा अडसर लावणं त्याहून स्वस्त.

निऑनबद्दल थोडक्यात. नळी दशकं टिकते. जातात ते ट्रान्सफॉर्मर आणि जास्त दाबाच्या तारांचं आवरण, कारण पाटीच्या डब्यात पाणी शिरतं. दाब १५,००० व्होल्टपर्यंत असतो, तेव्हा हे काम परवानाधारकाचंच. एलईडीची लवचीक पट्टी लावली की लांबून साम्य वाटतं, पण निऑनचा उजेड सगळ्या बाजूंनी पडून अक्षराचा पत्राही उजळतो, तो परिणाम येत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अनेक शहरांत छपरावरच्या पाट्यांना आता बंदी आहे आणि जुनी पाटी केवळ आधीपासून आहे म्हणून चालते. ती दुरुस्तीसाठी खाली उतरवली तर परत चढवायचा हक्क जाऊ शकतो. आधी शहराकडून लेखी घ्यावं, मगच क्रेन बोलवावी.

या वास्तूंना खरं मारते ती मात्र जमीन. जमिनीत पुरलेल्या लिफ्टचे सिलिंडर सात-आठ फूट खोल असत, उघड्या पोलादाचे, ओल्या मातीत गंजणारे. तेल वरचेवर भरावं लागतंय म्हणजे ते मातीत जातंय, एवढीच काय ती खूण. शिवाय जुन्या तेलाच्या टाक्या, बॅटरीचं शिसं, भाग धुण्याची सॉल्व्हंट्स, आणि फरशीच्या जाळीतून शोषखड्ड्यात सोडलेलं सगळं. असे मोटार-सांडपाण्याचे नवे खड्डे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००० पासून बंद केले, जुने अनेक ठिकाणी अजून फरशीखाली आहेत. घेणाऱ्याने पर्यावरण-तपासणीचा पहिला टप्पा खरेदीच्या आधी करायलाच हवा, तोही ताब्याच्या तारखेआधीच्या १८० दिवसांतला. खरेदीनंतर केलेली तपासणी आधीच्या मालकाच्या प्रदूषणापासून कायदेशीर बचाव देत नाही. सॅनबॉर्न कंपनीचे जुने अग्निविमा-नकाशे मिळवावेत, त्यांवर पेट्रोलच्या टाक्या कुठे होत्या ते दाखवलेलं असतं.

सफाईच्या नावाखाली सगळं अंगण आठ-दहा फूट खणून काढायचा प्रस्ताव येतो, आणि इमारत ‘मध्ये येते’ म्हणून जाते. गरज तेवढ्या खणाईची क्वचितच असते. दूषित जागा नेमकी कुठे आहे ते बोअर घेऊन ठरवावं, तेवढंच काढावं. लिफ्टचा सिलिंडर रिकामा करून, धुऊन, पातळ काँक्रीटने भरता येतो आणि वरची लोखंडी चकती जागेवर ठेवता येते. पुढच्या पिढीला इथे गाडी उचलली जात होती हे सांगायला ती चकती पुरेशी आहे. २००२ च्या ब्राउनफील्ड, म्हणजे दूषित जुन्या जागांच्या, कायद्यातून अशा जागांसाठी अनुदानं मिळतात. माझी सूचना अशी की मातीचा पैसा आणि इमारतीचा निर्णय एकमेकांपासून सोडवावेत. आधी सार्वजनिक पैशातून माती तपासून घ्या, मग इमारतीची बोली लावा. आज उलटं होतं. मातीची भीती घालून इमारतीची किंमत शून्यावर आणतात.

नव्या वापरात रेस्टॉरंट सगळ्यात लोकप्रिय, आणि त्याचे काही फायदे खरे आहेत. बेची फरशी अंगणाच्या पातळीला असते, त्यामुळे व्हीलचेअरला पायरी आड येत नाही. पण फरशीला जाळीकडे उतार असतो, टेबलं डगमगतात, म्हणून वर नवा थर ओततात. मग उंबरठा वर येतो आणि आयती असलेली सोय घालवून रॅम्प बांधावा लागतो. टेबलांचे पाय कमी-जास्त करता येतात, फरशी तशीच ठेवावी. दारांच्या जागी कायमची काच बसवण्यापेक्षा काचेची सरकती दारंच लावावीत आणि ती चालती ठेवावीत. बहुतेक ठिकाणच्या बांधकाम नियमांनुसार १०० किंवा जास्त माणसांची, अथवा ५,००० चौरस फुटांहून मोठी खाण्याची जागा झाली की स्प्रिंकलर लागतात. छोट्या दुकानात माणसांची मोजलेली क्षमता ९९ वर थांबवली तर जुन्या छपरातून पाइप फिरवायची वेळ येत नाही.

तरीही माझा पहिला आग्रह वेगळा आहे. जमेल तिथे हे गॅरेजच राहू द्यावं. अनेक अमेरिकी शहरांत आतल्या भागांतल्या गॅरेजना झोनिंगने ‘विसंगत वापर’ ठरवलं आहे. चालू आहे तोवर चालेल, पण सहा महिने किंवा वर्षभर बंद राहिलं की हक्क संपतो. म्हातारा मालक निवृत्त होतो, मुलगा ठरवायला वेळ घेतो, तेवढ्यात मुदत उलटते. एकीकडे शहर त्या इमारतीला वारसा म्हणतं आणि दुसरीकडे ती ज्या कामासाठी बांधली ते तिथे करायला मनाई करतं. वारसा-दर्जा मिळालेल्या सर्व्हिस दुकानांना ही मुदत लागू नसावी, एवढी एका ओळीची दुरुस्ती पुरे. मोठे पिकअप त्या दारांतून जाणार नाहीत हे खरं. पण छोट्या गाड्या, मोटारसायकली, जुन्या गाड्यांचं काम, सायकली, यांना ९ फुटांचं दार भरपूर आहे, आणि टायरला पंक्चर अजूनही होतं.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. एक असा की ही साच्यातली बांधकामं, एकासारखी एक, कशाला वाचवायची? साच्यातली होती हे खरं, पण कॅनोपी, अंगण आणि बे तिन्ही शाबूत असलेलं दुकान दिवसेंदिवस दुर्मीळ होत चाललं आहे. तिन्ही असतील तर लढावं. दोनच उरले असतील तर मोजमापं आणि फोटो घेऊन, काचा-पत्रे सोडवून साठ्यात घालून, जागा मोकळी करायला माझी हरकत नाही. नोंदीचं मोल कमी समजू नये. छायाचित्रकार जॉन मार्गोलीस यांनी टिपलेल्या रस्त्याकाठच्या इमारतींच्या ११,७१० रंगीत स्लाइड्स लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, सर्वांना वापरायला खुल्या, आणि दुरुस्तीच्या वेळी मूळ रंग कोणता होता हे बघायला त्या कामी येतात.

दुसरा आक्षेप घरांचा. कॅलिफोर्नियात घरांची टंचाई असताना कोपऱ्याचा अख्खा प्लॉट एकमजली दुकानासाठी अडवून ठेवायचा का? हा प्रश्न टाळता येत नाही. याला उत्तर मुंबईकरांच्या ओळखीचं आहे: टीडीआर. न वापरलेला बांधकाम-हक्क दुसऱ्या प्लॉटवर विकू द्यायचा. न्यूयॉर्कने वारसा-वास्तूंसाठी हे १९६८ मध्येच सुरू केलं. पण त्याचा लाभ बहुधा मोठ्या इमारतींना होतो. छोट्या कोपऱ्याच्या दुकानांना त्यात सहज शिरता यावं, अर्जाची फी आणि वकिलाचा खर्च हक्काच्या किमतीपेक्षा जास्त होऊ नये, एवढं शहरांनी पाहिलं तर तीच घरं दोन चौक पलीकडे उभी राहू शकतात.

मुंबईने आपल्या आर्ट डेको इमारतींसाठी २०१८ मध्ये युनेस्कोची मोहोर मिळवली, आणि फायरस्टोनचा कारखाना एके काळी शिवडीलाही होता, त्यामुळे हा विषय मराठी वाचकाला अगदीच परका नाही. कॅलिफोर्नियात किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांना तर थेट काही करता येतं. दर्जा देण्याच्या सुनावण्या खुल्या असतात, बोलायला दोनेक मिनिटं मिळतात, आणि लेखी पत्र नोंदीत जातं. लॉस एंजेलिसच्या शहरव्यापी वारसा-सर्वेक्षणात मोटार-सेवेच्या इमारतींना स्वतंत्र प्रकरण आहे, त्यातला निकष पत्रात नमूद केला तर आयोगाला तो टाळणं अवघड जातं. प्रस्ताव हातात आला की आधी वर्णन वाचू नये, नकाशा उघडावा. संरक्षित हद्द इमारतीच्या भिंतीपाशी आखली आहे की प्लॉटच्या कडेपाशी, ते बघावं. भिंतीपाशी असेल तर ती पदपथापर्यंत न्या, आणि कॅनोपीचे खांब, गाडी आत येण्याची दोन्ही कापं, बेची दारं यांची नावं ‘महत्त्वाची वैशिष्ट्यं’ या यादीत घाला, असं त्या दोन मिनिटांत सांगावं.